कॅरव्हॅन साइटवरचा मीटर: चारशे पौंड खरंच वाचतील का?

लेस्टरहून एका ताईंनी विचारलं आहे: "मागच्या वर्षी आम्ही जुनी टूरिंग कॅरव्हॅन घेतली. दर वेळी गाडीमागे ओढत नेण्यापेक्षा पीक डिस्ट्रिक्टमधल्या एका साइटवर 1 एप्रिल ते 31 ऑक्टोबर अशी सीझनभराची जागा घ्यायचा विचार आहे. साइटवाल्यांनी दोन पर्याय दिलेत. विजेसकट 2450 पौंड, किंवा 2050 पौंड आणि वीज मीटरप्रमाणे, युनिटला 38 पेन्स. आम्ही महिन्याला चार रात्री जाऊ, ऑगस्टमध्ये तेवढ्या दहा. मीटरच घ्यावा ना? वाचलेले 400 पौंड मुलीच्या ज्युनियर आयसामध्ये, म्हणजे तिच्या नावावरच्या करमुक्त बचत खात्यात, टाकू. रविवारपर्यंत सही करायची आहे. करार सोबत जोडला आहे."

ताई, करार जोडलात हे फार बरं केलंत. माझं उत्तर आधीच सांगते: मीटर घ्या, पण रविवारी सही करू नका. आणि मुलीच्या खात्यात 400 नाही, साधारण 100 पौंड जातील असं धरा.

तुम्ही 38 पेन्स हा आकडा पाहिलात. चौथ्या पानावर त्याच्याभोवती आणखी चार आकडे आहेत. जोडणीचे एकदाच 45 पौंड. रोज 60 पेन्स स्थिर आकार, तुम्ही तिथे असा किंवा नसा. महिन्याला किमान 40 युनिट धरली जाणार. आणि कार्डावर पैसे भरताना किमान 20 पौंडांचा टॉप-अप, सीझन संपल्यावर उरलेली शिल्लक रद्द. आपण महावितरणच्या बिलावर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशा ओळी वाचत मोठे झालो. नुसत्या युनिटच्या दरावरून बिल कळत नाही हे आपल्याला नवीन नाही. इथेही तसंच वाचायचं.

1 एप्रिल ते 31 ऑक्टोबर म्हणजे 214 दिवस. रोजचे 60 पेन्स धरले तर 128 पौंड 40 पेन्स, त्यात जोडणीचे 45. दिवा न लावता 173 पौंड 40 पेन्स गेले. आता वापर. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या रात्री तिथे चांगल्याच गार असतात, हीटर लागेल, म्हणून रात्रीला 12 युनिट धरते. मे आणि सप्टेंबरला 8, जून ते ऑगस्ट 6. तुमच्या 34 रात्रींची मिळून 268 युनिट होतात. पण मे, जून, जुलै आणि सप्टेंबरला तुमचा वापर 40 च्या खाली राहतो आणि साइटवाले 40 च धरणार, म्हणून बिल 316 युनिटचं येईल, म्हणजे 120 पौंड. सगळं मिळून 293 पौंड. 400 मधून वजा केले की उरतात 107.

हे 107 सुद्धा एका गोष्टीवर टिकून आहेत, ती म्हणजे फ्रिज. तुमच्या कॅरव्हॅनमधला फ्रिज गॅस, बॅटरी आणि मेन्स (म्हणजे साइटची वीज) या तिन्हींवर चालणारा आहे असं तुम्ही लिहिलंय. या फ्रिजला घरच्यासारखा कॉम्प्रेसर नसतो, तो उष्णतेवर चालतो. मेन्सवर ठेवला तर दिवसाला सुमारे तीन युनिट खातो. पुढच्या शनिवारी पुन्हा यायचंच आहे, दूध-लोणी राहू दे, म्हणून चालू ठेवून निघालात तर तुम्ही नसलेल्या 180 दिवसांत 540 युनिट जातील, म्हणजे 205 पौंड. तसं झालं तर मीटरचा पर्याय विजेसकटच्या पर्यायापेक्षा 80 पौंडांनी महाग पडतो. निघताना फ्रिज रिकामा करून, पुसून, दार थोडं उघडं ठेवून बंद करायचा. हे सात महिने जमणार असेल तरच मीटर घ्या. घरातल्या सगळ्यांना विचारून ठरवा, कारण कॅरव्हॅनमधून सगळ्यात शेवटी कोण बाहेर पडतं त्यावर हे अवलंबून आहे.

आता कायद्याचा भाग, कारण इथे तुमच्या हातात तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. ब्रिटनमध्ये कुणी वीज विकत घेऊन ती पुढे घरगुती वापरासाठी विकत असेल, तर ऑफजेमने, म्हणजे इथल्या वीज-गॅस नियामकाने, कमाल पुनर्विक्री दर ठरवलेला आहे. 2003 पासून नियम असा की स्वतः ज्या दराने घेतली त्याहून जास्त दराने विकता येत नाही. स्थिर आकारही आपल्या बिलावरचा जेवढा, त्यातला योग्य वाटाच पुढे लावायचा. कॅरव्हॅन साइट यातच येते. मीटर वाचणं, बिल करणं यांचा खर्च वेगळा दाखवून घेता येतो, पण विजेच्या दरात मिसळून नाही. पुण्यात भाड्याच्या खोलीत सबमीटर लावून मालक मनाला येईल तो दर घेतो, ती सवय मनात असेल तर काढून टाका.

38 पेन्स तुमच्या घरच्या दरापेक्षा जास्त आहे, पण तेवढ्यावरून फसवणूक ठरत नाही. घरगुती दराला ऑफजेमची कमाल मर्यादा आहे, साइटची जोडणी व्यावसायिक असते आणि तिला ती मर्यादा लागू नाही. मला खटकतात ते बाकीचे दोन आकडे. साइटच्या माहितीपत्रकावर 80 जागा लिहिल्यात. प्रत्येकीकडून रोज 60 पेन्स म्हणजे रोजचे 48 पौंड. साइटच्या बिलावर स्थिर आकार खरोखर एवढा आहे का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि न वापरलेल्या युनिटचे पैसे 'वीज' म्हणून लावणं या नियमात कसं बसतं, हे त्यांनीच समजावून सांगावं. मला तरी ते बसताना दिसत नाही. दर व्हॅट धरून आहे की वगळून, हेही लिहिलेलं नाही. घरगुती वापराच्या विजेवर व्हॅट 5 टक्के आहे. 20 टक्के लावला तर 38 चे 45.6 पेन्स होतील.

दर "कधीही बदलू शकतो" या वाक्याने तुम्ही घाबरलात, पण त्याची भीती मला कमी वाटते. उद्या 50 पेन्स झाले तरी 316 युनिटला 38 पौंडच वाढतात. त्यासाठी भांडण नको, निदान महिनाभर आधी लेखी कळवावं एवढं मागा.

तुमची जागा 10 अँपिअरची आहे. म्हणजे एका वेळी 2300 वॉट. दोन हजार वॉटचा हीटर चालू असताना किटली लावली की ट्रिप होणार. इंडक्शन शेगडी घ्यायचं म्हणताय ते थांबवा, कॅरव्हॅनची गॅस शेगडीच बरी. ट्रिप झाल्यावर जागेजवळच्या वीज जोडणीच्या खांबावरचं बटण तुम्हाला वर करता येतं की ऑफिसमधल्या माणसाला बोलवावं लागतं, एवढं विचारून घ्या.

मीटरबाबत माझा स्वतःचा एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही एका साइटवर दोन रात्री राहिलो आणि निघताना 61 युनिटचं बिल आलं. जून महिना, हीटर नाही, दोनदा चहा आणि मोबाइल चार्जिंग. आमच्या खांबावर निळी सॉकेटं दोन आणि वर छोट्या काचेआड मीटरही दोन होते, काच आतून दमट झालेली. आम्ही प्लग काढून उभे राहिलो, तरी 'आमच्या' मीटरवरचा लाल ठिपका लुकलुकतच होता. शेजारच्या तंबूवाल्यांचा हीटर आमच्या नावावर चालला होता. पैसे परत मिळाले, पण अर्धा दिवस गेला. म्हणून पहिल्याच दिवशी मीटरचा क्रमांक, आकडा आणि जागेचा नंबर एकाच फोटोत घ्या. मग कॅरव्हॅनमधलं सगळं बंद करून मीटर थांबतो का ते पाहा, आणि किटली लावून तोच धावतो का तेही पाहा.

विजेसकटचा पर्यायही मी वाचला. त्यात "वाजवी वापर" असा शब्द आहे, आकडा नाही. वीज भाड्यातच धरलेली असली की पुनर्विक्रीचा नियम लागत नाही, त्यामुळे वाजवी म्हणजे किती ते साइटवालेच ठरवणार. फ्रिज चालू ठेवायची सवय सुटणार नसेल आणि म्हणून हा पर्याय घ्यायचा असेल, तर आधी तो आकडा लिहून घ्या.

आणि रविवारची घाई. ऑनलाइन सही केली तर 14 दिवसांत रद्द करता येतं असं तुम्ही म्हणता. ठरावीक मुदतीच्या राहण्याच्या जागेला आणि फुरसतीच्या सेवांना ती सवलत सहसा लागू होत नाही. सही केली की पैसे अडकले असंच समजा.

आजच ईमेल करा, फोन नको. विचारायचं एवढंच: युनिटचा दर आणि स्थिर आकार तुमच्या ताज्या बिलावरून कसा काढलात ते दाखवा, व्हॅट किती आणि कशात, 40 युनिटची अट काढणार का, आणि 31 ऑक्टोबरला कार्डावर उरलेले पैसे परत मिळणार का. शेवटच्या प्रश्नाला 'नाही' आलं तर चालेल, ऑक्टोबरमध्ये टॉप-अप बेताने करा. स्थिर आकार मात्र तुम्ही नसतानाही कार्डातून कापला जातो, तीन आठवडे गेला नाहीत तर 12 पौंड 60 पेन्स, तेवढी शिल्लक ठेवूनच निघा.

40 युनिटची अट निघाली तर तुमचे 125 पौंड वाचतात, राहिली तर 107. साइटवाल्यांनी बिल दाखवलं तर मला पाठवा, स्थिर आकारातला तुमचा वाटा मी मोजून देईन. उत्तरच दिलं नाही तर ही जागा सोडा. त्या भागात सीझनच्या जागा देणाऱ्या साइट आणखी आहेत, आणि एप्रिलला अजून वेळ आहे.