वडिलांना काचबिंदू आहे, तीन औषधं घालूनही डोळ्यातला दाब 24च्या खाली येत नाही. लेझर करावं की ऑपरेशन? लेझरने तो कायमचा जातो का?

मी डॉक्टर नाही. इंदूरला रामबागेत राहतो, वय 64. माझ्या डाव्या डोळ्याला लेझर झालंय आणि उजव्याला ऑपरेशन, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: जात नाही. आमच्याकडे हिंदीत याला 'काला मोतिया' म्हणतात आणि त्या 'मोतिया'मुळेच घोळ होतो. लोकांना वाटतं, मोतीबिंदूसारखा पिकला की काढून टाकायचा. इथे काढण्यासारखं काही नसतंच. डोळ्यात सतत पाणी तयार होतं, ते बाहेर जायची जाळी तुंबते, दाब वाढतो आणि मागची नस सुकत जाते. गेलेली नजर लेझरने येत नाही, ऑपरेशनने येत नाही. दोन्ही फक्त दाब उतरवतात, म्हणजे उरलेली नजर टिकावी.

माझं कसं कळलं तेही सांगतो. संध्याकाळी डाव्या डोळ्यात चिलट गेलं म्हणून स्कूटर बाजूला घेतली आणि राजवाड्यासमोर डोळ्यावर रुमाल धरून उभा राहिलो. उजव्या डोळ्याने दरवाजा स्वच्छ दिसत होता, पण सात मजल्यांतले वरचे तीन गायब! काळे नाही, नुसते पुसल्यासारखे. रुमाल काढला की वाडा पुन्हा पुरा. त्याआधीच्या वर्षात दोनदा चष्म्याचा नंबर काढला होता, दाब एकदाही कुणी मोजला नव्हता. अजून त्याचा राग येतो.

तुम्ही डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारा: ती जाळी डोळ्याच्या ज्या कोनात असते, तो कोन उघडा आहे की बंद? डोळ्यावर आरशाची भिंग टेकवून हे बघतात, गोनिओस्कोपी म्हणतात तिला. कोन बंद असेल तर लेझर वेगळं, त्याला पीआय म्हणतात. त्यात बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला बारीक भोक पाडून पाण्याला दुसरी वाट देतात. अशा डोळ्यांत कधी कधी मोतीबिंदू काढल्यानेच जागा मोकळी होते. कोन उघडा असेल तर एसएलटी, म्हणजे त्या तुंबलेल्या जाळीवरच मारायचं लेझर. माझं तेच झालं. बधिर करायचा थेंब, हनुवटी मशीनवर, डोळ्यावर भिंग, हिरवे लखलखाट, पाच-सात मिनिटांत मोकळा. तासाभराने दाब मोजला आणि घरी. गुण यायला दीड महिना लागला, म्हणून दुसऱ्या दिवशी निराश होऊ नका. हा गुण काही वर्षांनी ओसरू शकतो, मग पुन्हा करता येतं.

'लॅन्सेट'मध्ये 2019 साली ब्रिटनची एक मोठी चाचणी आली होती. त्यात सुरुवातीलाच एसएलटी केलेल्यांपैकी दर चारांतले जवळजवळ तीन जण तीन वर्षं थेंबांशिवाय राहिले. पण ते नव्याने निदान झालेले रुग्ण होते. तुमच्या वडिलांच्या तीन औषधांनंतर तेवढीच अपेक्षा धरू नका.

उजव्या डोळ्याचं फील्ड, म्हणजे नजरेचा घेर, फारच खराब होतं, म्हणून तिथे थेट ट्रॅबेक्युलेक्टॉमी. वरच्या पापणीखाली डोळ्याच्या पांढऱ्या भागात छोटी झडप कापतात, तिच्याखाली भोक. पाणी तिथून झिरपून वरच्या पातळ पडद्याखाली साठतं आणि हळूहळू शोषलं जातं. आरशात पापणी उचलली की मसुरीएवढा पाणीदार फुगवटा दिसतो. डॉक्टर त्याला ब्लेब म्हणतात, आमची ही म्हणते 'फोड'.

गंमत अशी की बाकी ऑपरेशनांत जखम लवकर भरावी म्हणून देव पाण्यात ठेवतात, इथे ती भरली की वाट बंद! म्हणून ऑपरेशनच्या वेळी तिथे मायटोमायसिन लावतात, मूळचं कॅन्सरवरचं औषध. तरी शरीर आपलं काम सोडत नाही. माझा दाब दुसऱ्या दिवशी 6 होता, नजर दुधाळ. दोन आठवड्यांनी 19. ओपीडीतच लेझरने एक टाका तोडला, दुसऱ्या दिवशी 11. म्हणून खरं ऑपरेशन नंतरचे दोन महिने असतं. दर आठवड्याला तपासणी, स्टिरॉइडचे थेंब, रात्री डोळ्यावर जाळीचं झाकण, वाकणं बंद, बादली उचलणं बंद. वडिलांना घेऊन जायला घरात कुणी मोकळं नसेल तर तारीख पुढे ढकला, पण हे अर्धवट करू नका. आणि पुढे कितीही वर्षांनी तो डोळा लाल झाला, दुखला किंवा पू आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. फोडातून जंतू आत जाऊ शकतात.

ट्रॅब बंद पडली किंवा ती करण्यासारखी स्थिती नसली तर पाणी बाहेर काढायला डोळ्यात बारीक नळी बसवतात. त्यातली एक मदुराईच्या ऑरोलॅबची, परदेशी नळीपेक्षा बरीच स्वस्त.

माझं मत विचाराल तर कोन उघडा आणि फील्ड बरं असेल तर आधी लेझर. फील्डच्या तपासणीच्या कागदावरचा काळा डाग मध्यापर्यंत आला असेल तर लेझरचा गुण यायची वाट बघण्यात दिवस घालवू नका.

पण त्याआधी एक करा. वडील थेंब घालताना शेजारी उभे राहा. माझे निम्मे थेंब गालावर जायचे आणि मी डॉक्टरांना छातीठोक सांगायचो, 'रोज घालतो.' एक थेंब, मग डोळ्याचा नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून ठेवायचा, दुसरं औषध पाच मिनिटांनी.

आणि हा आजार घराण्यात चालतो, तेव्हा त्याच फेरीत स्वतःचाही दाब मोजून घ्या. माझा धाकटा भाऊ नुसता सोबतीला आला होता, पोहे-जलेबी खाऊन मजेत. संध्याकाळी आम्ही दोघं एकाच थेंबाच्या दोन बाटल्या घेऊन परतलो.