शुगर आणि विसरभोळेपणा

वय ५४, बारा वर्षांपासून शुगर. गॅसवर दूध ठेवते नि विसरते, भाचीचं नावही पटकन आठवत नाही. शुगर मेंदूत गेली का? – वाचक, महाल

उतू गेलेल्या दुधावरून निदान होत नाही, ताई. पण शंका अगदीच वावगी नाही. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा २ टक्के, ऊर्जा मात्र तो २० टक्क्यांच्या आसपास खातो. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. डोळ्याच्या पडद्यात, किडनीत होतं तेच मेंदूतही. आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस अशा वेळी लवकर मार खातो.

तरी आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं घेतल्यावर बी-१२ घटू शकतं, शाकाहारी असाल तर आणखीच. यामुळे आलेला विसरभोळेपणा बऱ्याचदा उपचारानं सुधारतो. झोप नीट लागत नसेल किंवा मन उदास असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

वडील ७६ वर्षांचे. एकादशीला सकाळी शुगरची ग्लिमेपिराइड गोळी घेतात, दिवसभर उपवास. दुपारी घाम येतो, असंबद्ध बोलतात, आम्हाला ओळखत नाहीत. संध्याकाळी ठीक. स्मृतिभ्रंश असेल का? – वाचक, गोकुळपेठ

या टपालातलं सगळ्यात काळजीचं पत्र हेच. वर्णनावरून साखर उतरत असावी. ही गोळी पोटात अन्न असो-नसो, इन्सुलिन सोडायला लावते. पुन्हा तसं झालं तर लगेच ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घोळून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मीटर हाताशी नसेल तर साखर द्या, वाट पाहू नका. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना. या गोळीचा असर लांबतो, म्हणून बरं वाटलं तरी काही खायला द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

साखर वारंवार फार खाली जाणाऱ्या ज्येष्ठांमध्ये पुढे स्मृतिभ्रंश जास्त आढळतो. उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. पंचांग बघून गोळी ठरवू नये, घरच्यांनी तर नाहीच.

अल्झायमर म्हणजे ‘टाइप ३ डायबिटीस’ म्हणे? – वाचक, नंदनवन

काही संशोधकांनी दिलेलं नाव आहे ते. मेंदूच्या पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत, हा त्यामागचा विचार. मान्यताप्राप्त निदान नव्हे. शुगर असलेल्या प्रत्येकाला अल्झायमर होत नाही.

साखर एकदम नॉर्मल केली तर स्मरणशक्ती परत येईल? तर्री-पोहेही सोडले. – वाचक, सीताबर्डी

तसा भरवसा देता येत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अकॉर्ड-माइंड अभ्यासात एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६ टक्क्यांच्या खाली आणण्याचा चंग बांधला होता, पण स्मरणाच्या चाचण्यांत फरक पडला नाही. म्हणून साखर मोकाट सोडायची असंही नाही. वय आणि इतर आजार बघून लक्ष्य ठरतं. बऱ्याच ज्येष्ठांना एचबीए१सी ८ च्या आत पुरतं. बीपी सांभाळा, तंबाखू-खर्रा बंद करा, रोज चाला. मे महिन्यात मात्र उन्हं चढायच्या आत घरी या. पोह्यांचं म्हणाल तर महिन्यातून एकदा अर्धी प्लेट चालेल, तर्रीवरचं तेल बाजूला काढून.