किचनमधला आरसीसीबी सारखा पडतो, काढून टाकू का?

अजिबात काढू नका. तुम्ही लिहिलंय की खानावळीतला वेट ग्राइंडर पाच-दहा मिनिटं चालला की आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) पडतो आणि वायरमन म्हणतो, "डायरेक्ट करून देतो, एमसीबी आहेच की." हॉटेलांच्या वायरिंगची कामं घेतो, त्यामुळे हे वाक्य माझ्या चांगलंच ओळखीचं आहे.

एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेपलीकडे गेला की पडणारा स्विच, असतो वायर जळू नये म्हणून. १६ अँपिअरच्या एमसीबीला १६ अँपिअरपर्यंत काही वावगं वाटतच नाही. ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्याच्या शंभराव्या भागातही जाऊ शकतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट ताडून बघतो. ३० मिलीअँपिअरवाला असेल तर फरक तेवढा होईपर्यंत सप्लाय तोडतोच. तो पडतोय म्हणजे करंट कुठेतरी गळतोय.

माझा संशय मोटारीवर. रात्री पाईप लावून सगळं किचन धुतात, त्यात ग्राइंडरही न्हाऊन निघतो. मोटार मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर, तपासा. ५०० व्होल्टला रीडिंग एक मेगाओहमच्या खाली आलं तर ती वाळवून वार्निश करा, नाहीतर रिवाइंडिंग, म्हणजे आतल्या तारा नव्याने गुंडाळणं. ग्राइंडर नसताना दुसऱ्या मशीनवरही पडत असेल तर बोर्ड उघडायला लावा. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ लूप केलेले, म्हणजे एकमेकांना जोडलेले, मी कितीदा पाहिलेत! असं असलं की आरसीसीबी टिकत नाही, आणि दोष त्याच्या माथी.

फ्रीझर मात्र त्याच आरसीसीबीवर ठेवू नका. ग्राइंडरपायी रात्री सप्लाय गेला तर सकाळी माल फेकायची वेळ. प्रत्येक मोठ्या मशीनला वेगळा आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) लावला की दोषी कोण तेही लगेच कळतं. खर्च वाढतो, पण मी तरी किचनमध्ये इथे काटकसर करू देत नाही. सिंकजवळचे सॉकेट झाकणवाले, वॉटरप्रूफ घ्या आणि शिंतोडे पोचणार नाहीत इतके वर बसवा.

टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. त्यावर पडला म्हणजे आतली यंत्रणा ठीक. अर्थिंगबद्दल ते बटण काहीच सांगत नाही, ते वेगळं मोजून घ्या. मोटार तपासून होईपर्यंत ग्राइंडरचा प्लग काढून ठेवा आणि इडलीचं पीठ बाहेरून दळून आणा.