शेजारच्या घरात बंदूक आहे का, हे विचारावं का?

प्रश्न: आम्ही व्हर्जिनियात, लाउडन काउंटीत राहतो. यजमान नुकतेच अमेरिकन नागरिक झाले, मी अजून ग्रीन कार्डवर आहे. मुलगा १७ वर्षांचा, धाकटी दुसरीत. निवडणूक जवळ आली की आमच्याकडे बंदुकीवरून वाद सुरू होतो. मुलगा शाळेतल्या लॉकडाउन ड्रिलबद्दल (शाळेत बंदूकधारी घुसला तर दारं लावून लपायचा सराव) तावातावाने बोलतो, कायदे कडक हवेत म्हणतो. यजमान म्हणतात, इकडे भारतीयांची घरं सोन्यासाठी फोडतात, आपणच एक पिस्तूल घेऊन ठेवू. सासूबाईंचं म्हणणं, परक्या देशाच्या राजकारणात आपल्याला काय करायचंय. त्यात धाकटीला नव्या मैत्रिणीने शनिवारी खेळायला बोलावलंय आणि त्यांच्या ट्रकवर बंदुकीचं स्टिकर आहे. विचारावं का त्यांना? आणि मला मतदानाचा हक्क नाही, मग मी नेमकं काय करू शकते?

उत्तर: ताई, आधी शनिवारचं बघू.

विचारा. नि:संकोच विचारा. फोनवर बाकीच्या गोष्टी बोलताना, कुत्रा आहे का, घरी मोठं माणूस असणार का, हे विचारतानाच म्हणा, "तुमच्याकडे बंदूक असेल तर ती कुलपात असते ना?" मुलांना कुणाकडे पाठवण्याआधी आई-वडिलांनी हे विचारावं, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाच सांगते. बंदूक रिकामी, कुलपात आणि गोळ्या वेगळ्या कुलपात, हे उत्तर तुम्हाला हवं. जे लोक जबाबदारीने बंदूक ठेवतात त्यांना या प्रश्नाचा राग येत नाही, बरेचदा ते आपणहून तिजोरी कुठे आहे ते सांगतात. नुसत्या स्टिकरवरून त्यांच्याबद्दल मत बनवू नका. उत्तर गुळमुळीत आलं तर मात्र भिडेपोटी गप्प बसू नका. त्यांच्या मुलीला आपल्याकडे बोलवा, पोहे-लाडू करा, मुली इथे खेळतील.

मी इतक्या ठामपणे सांगते, कारण याच राज्यात न्यूपोर्ट न्यूज शहरात जानेवारी २०२३ मध्ये पहिलीतल्या ६ वर्षांच्या मुलाने आईचं पिस्तूल दप्तरातून शाळेत नेलं आणि वर्गात बाईंवर गोळी झाडली. बाई वाचल्या, मुलाच्या आईला तुरुंगवास झाला. १४ वर्षांखालच्या मुलाच्या जिवाला धोका होईल अशी भरलेली बंदूक बेफिकिरीने उघड्यावर ठेवणं व्हर्जिनियात गुन्हा आहे, आणि २०२० मध्ये त्याची शिक्षा वाढवली गेली.

याच ओघात एक सांगते. आजी-आजोबा येताना नातवंडांसाठी टिकल्यांचं पिस्तूल आणतात. ते बॅगेतून बाहेरच काढू नका, शाळेत तर कधीच जाऊ देऊ नका. २०१४ मध्ये क्लीव्हलँडला खेळण्यातलं पिस्तूल हातात असलेला १२ वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गोळीने गेला.

आता यजमानांचं. त्यांची भीती खोटी नाही. पण सोनं घरात असल्यामुळे चोर येतो, म्हणून सोनं घराबाहेर काढा. बँकेत लॉकर घ्या, अलार्म बसवा, सणाला दागिने घालून काढलेले फोटो लगेच सगळीकडे टाकू नका. या चोऱ्या बहुतेक वेळा घरी कुणी नसताना होतात, तेव्हा कपाटातलं पिस्तूल कुणाला वाचवणार? उलट तेही चोरीला जाईल.

आणि तुमच्या घरात १७ वर्षांचा मुलगा आहे. हे लिहिणं सोपं नाही, पण लिहायलाच हवं. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. मार्क, कॉलेजप्रवेश, "अमक्याच्या मुलाला बघ", हे ओझं आपल्या घरांत किती असतं ते आपल्याला ठाऊक आहे. मुलाचा एखादा काळाकुट्ट तास निघून जातो, घरात बंदूक असेल तर तो निघून जाईलच असं नाही. माझं मत विचाराल तर घेऊ नका. आज ना उद्या कुणाच्याही घरी अशी वेळ आली तर ९८८ हा आत्महत्या रोखण्यासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर लक्षात असू द्या. जवळच्या माणसाकडे बंदूक आहे आणि तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल असं वाटलं तर पोलिसांकडे जा. जुलै २०२० पासून व्हर्जिनियात पोलीस किंवा सरकारी वकील कोर्टाकडून आदेश घेऊन ती बंदूक आधी १४ दिवस आणि नंतर सुनावणी होऊन १८० दिवसांपर्यंत काढून घेऊ शकतात.

नातेवाइकांसाठी एक कायदा मुद्दाम सांगते, कारण आपल्या लोकांना तो माहीतच नसतो. ग्रीन कार्डवाल्यांना बंदूक घेता येते, पण एच-१बी, एच-४, एफ-१ अशा व्हिसावर असणाऱ्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायलाच बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट मिळते, असे मोजके अपवाद आहेत. 'जवळ बाळगणं' यात शूटिंग रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणंही येतं. फ्लोरिडात कॉलेजातून नाव काढल्यामुळे स्टुडंट व्हिसा गेलेला एक तरुण असाच रेंजवर गेला आणि त्याच्यावर खटला झाला. तो खटला २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचला. तुमचा भाचा एच-१बीवर असेल आणि ऑफिसची टीम रेंजवर निघाली असेल तर त्याला म्हणावं, तू बाहेर कॉफी पी.

सासूबाईंना मात्र मी थोडं हक्काने सांगेन. काकू, हे परकं राजकारण राहिलेलं नाही. १६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ जण मारले गेले, त्यात मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगी होती आणि तमिळनाडूतून आलेले एक प्राध्यापक होते. गोळ्या झाडणाऱ्याला कोर्टाने मानसिक उपचारांचा आदेश दिलेला होता, तरी बंदूक विकत घेताना दुकानात त्याची पार्श्वभूमी तपासली तेव्हा ती नोंद पुढे आलीच नाही. ती फट त्याच महिन्यात गव्हर्नर टिम केन यांनी आदेश काढून बुजवली. असे निर्णय रिचमंडमध्ये, राज्याच्या राजधानीत होतात, आणि तुमची नातवंडं त्याच राज्याच्या शाळेत जातात.

तिथे कुणाचं बहुमत आहे यावर किती ठरतं ते पाहा. एका महिन्यात एकच हँडगन विकत घ्यायची, हा नियम व्हर्जिनियाने १९९३ मध्ये केला, २०१२ मध्ये रद्द केला आणि २०२० मध्ये पुन्हा आणला. मधल्या सगळ्या उलथापालथी मतपेटीतून झाल्या.

त्यातली एक तर मी प्रत्येक मराठी घरात सांगते. २०१७ ची हाउस ऑफ डेलिगेट्सची, म्हणजे राज्याच्या विधानसभेची निवडणूक. न्यूपोर्ट न्यूजमधल्या ९४ व्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाच्या शेली सिमंड्स आणि रिपब्लिकन पक्षाचे डेव्हिड यान्सी या दोघांना बरोब्बर ११,६०८ मतं पडली. ४ जानेवारी २०१८ ला रिचमंडमध्ये एका भांड्यातून चिठ्ठी काढली, यान्सींचं नाव आलं आणि रिपब्लिकन पक्षाचं बहुमत ५१-४९ असं टिकलं. पुढच्याच वर्षी, ३१ मे २०१९ ला, व्हर्जिनिया बीचच्या महापालिका इमारतीत एका कर्मचाऱ्याने १२ जणांना मारलं. गव्हर्नर राल्फ नॉर्दम यांनी ९ जुलैला बंदुकीच्या कायद्यांसाठी खास अधिवेशन बोलावलं. बहुमतवाल्यांनी ते दीड तासात गुंडाळलं. नोव्हेंबरात लोकांनी दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटिक पक्षाकडे दिली आणि २०२० मध्ये बंदुकीच्या प्रत्येक विक्रीला घेणाऱ्याची तपासणी सक्तीची झाली, वर सांगितलेला कोर्टाच्या आदेशाचा कायदा आला. त्या एका मतदारसंघात एक माणूस जास्त मतदानाला गेला असता, तर चिठ्ठी काढायची वेळच आली नसती.

मुलाला दुसरी बाजूही नीट समजावून सांगा, कारण वर्गात त्याला ती भेटणारच. २० जानेवारी २०२० ला रिचमंडमध्ये सुमारे २२,००० लोक या कायद्यांविरुद्ध जमले, बरेच जण बंदुका घेऊन, आणि दिवस शांततेत पार पडला. राज्यातल्या ९५ काउंट्यांपैकी बहुतेकांनी आम्ही बंदुकीच्या हक्काच्या बाजूने आहोत असे ठराव केले. ज्या गावात पोलीस यायला अर्धा तास लागतो तिथल्या माणसाला बंदूक आधार वाटते, हे ऐकून घ्यायला हवं. एनआरए, म्हणजे बंदुकीच्या हक्कासाठी लढणारी मोठी संघटना, तिचं मुख्यालयही तुमच्या जवळच, फेअरफॅक्सला आहे. ६६ नंबरच्या हायवेवरून तुम्ही कितीदा त्याच्यासमोरून गेला असाल. २०२० मध्ये असॉल्ट रायफलींवरच्या बंदीचं विधेयक तर डेमोक्रॅटिक सिनेटच्या समितीतच अडकलं, तेव्हा पक्षाचं नाव बघून सगळं कळत नाही. उमेदवाराला थेट विचारावं लागतं. इथे गव्हर्नरला सलग दुसऱ्यांदा उभं राहता येत नाही, त्यामुळे दर चार वर्षांनी नकाराधिकार नव्या हातात जातो. तेव्हाचे गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी मार्च २०२४ मध्ये एकाच दिवशी बंदुकीची ३० विधेयकं नाकारली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अबिगेल स्पॅनबर्गर गव्हर्नरपदी निवडून आल्या आणि हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाशमी लेफ्टनंट गव्हर्नर झाल्या. दोन्ही सभागृहांची निवडणूक आता नोव्हेंबर २०२७ मध्ये आहे. तोवर तुमचा मुलगा मतदार झालेला असेल. त्याचा १८ वा वाढदिवस नोव्हेंबरच्या मतदानाआधी येत असेल तर त्या वर्षीच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानात) त्याला १७ व्या वर्षीही मत देता येतं.

यजमानांना सांगा, मतदान ४५ दिवस आधीपासून सुरू होतं, नोव्हेंबरच्या त्या मंगळवारी मीटिंग होती ही सबब चालत नाही.

आणि तुम्ही. ग्रीन कार्डवर मतदार म्हणून नाव नोंदवू नका, डीएमव्हीत, म्हणजे वाहन परवान्याच्या सरकारी कार्यालयात, लायसन्सचं काम करताना 'नागरिक आहात का' या प्रश्नापुढे 'हो'च्या चौकटीत चुकूनही खूण करू नका. नागरिक असल्याचा खोटा दावा केला तर अमेरिकेतलं राहणंच धोक्यात येतं. बाकी बरंच तुमच्या हातात आहे. उमेदवाराला देणगी देता येते (व्हिसावर असणाऱ्यांना ती देता येत नाही). बिनपगारी स्वयंसेवक म्हणून दारोदार फिरता येतं, फोन करता येतात. आपल्या डेलिगेटला आणि सिनेटरला पत्र लिहिता येतं, त्यासाठी कुणी नागरिकत्व विचारत नाही. अधिवेशन जानेवारीत सुरू होतं, विधेयकं आधी समित्यांपुढे येतात आणि तिथे सामान्य माणसाला दोन शब्द बोलायला मिळतात. दुसरीतल्या मुलीची आई म्हणून बंदुकीच्या कुलपाच्या कायद्यावर बोला. इंग्रजी अडखळलं तरी चालेल. मुलालाही सोबत न्या, शाळेतली ड्रिल कशी असते ते त्याच्याच तोंडून आमदारांना ऐकू दे.