वाचकांचे प्रश्न : चेहरा ओळखीचा, नाव मात्र आठवत नाही

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत आम्ही १९४७ सालचा ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’ हा अमेरिकी चित्रपट पाहिला. न्यायाधीशाला निवडणुकीचा धाक दाखवणारा त्यातील टकला, जाडसर सल्लागार घरातल्या सगळ्यांना आवडला. तोच चेहरा पुढे एका जुन्या विनोदी मालिकेतही दिसला. हे नट कोण? इतके सहज काम करणारा माणूस प्रमुख भूमिकेत का दिसत नाही? (एक वाचक, सांगली)

उत्तर : त्यांचे नाव विल्यम फ्रॉली. जन्म २६ फेब्रुवारी १८८७, आयोवा राज्यातील बर्लिंग्टन गावी. आपण पाहिलेली मालिका बहुधा ‘आय लव्ह लुसी’ असावी. तिच्यात त्यांनी कंजूस घरमालक फ्रेड मर्ट्झ रंगवला आहे.

चित्रपटांत येण्यापूर्वी फ्रॉली यांनी बराच काळ ‘व्होडव्हिल’च्या रंगमंचावर काढला होता. गाणी, नकला, कसरती आणि विनोदी प्रवेश एकाच तिकिटात दाखवणारा तो अमेरिकेतील फिरता करमणुकीचा धंदा होता. आधी भावाबरोबर आणि नंतर पत्नीबरोबर त्यांनी असे प्रयोग केले. तिथून ते ब्रॉडवे या न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर गेले आणि १९३० च्या दशकात पॅरामाउंट या चित्रसंस्थेच्या करारावर हॉलिवूडमध्ये आले. तेव्हा त्यांचे वय पंचेचाळिशीच्या पुढे होते, अंग सुटलेले होते आणि आवाज घोगरा होता. या रूपाला नायकाची भूमिका मिळणे शक्य नव्हते आणि त्यांनी तिचा ध्यास घेतल्याचेही दिसत नाही.

आपल्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की सहायक नट म्हणजे नायक होता होता राहून गेलेला माणूस. त्या काळच्या हॉलिवूडपुरते तरी मला हे मान्य नाही. करारावरच्या नटाला आठवड्याचा पगार मिळे आणि त्याने कोणत्या चित्रपटात काम करायचे हे संस्था ठरवत असे. चित्रपट पडला तर खापर नायकाच्या माथी फुटे. सहायक नट पुढच्या सोमवारी दुसऱ्या सेटवर हजर असे. याच रीतीने फ्रॉली यांच्या नावावर शंभराहून अधिक चित्रपट जमा झाले. पत्रकार, पोलीस, मुष्टियोद्ध्याचा व्यवस्थापक, घोड्यांवर पैसे लावणारा, संगीताचा प्रकाशक अशी माणसे ते सतत रंगवत राहिले. दीड तासाच्या चित्रपटात अशा पात्राची ओळख करून द्यायला लेखकाकडे वेळ नसतो. फ्रॉली दारातून आत आले की ओळख झालेली असे आणि संस्था पगार देई ती याच गोष्टीसाठी.

आपण उल्लेखिलेला प्रवेश याचा उत्तम नमुना आहे. स्वतःला सांताक्लॉज म्हणवणाऱ्या माणसाचा खटला चालवणाऱ्या या न्यायाधीशाला पुन्हा मतदानाने निवडून यायचे असते. सांताक्लॉज अस्तित्वात नाही असा निकाल दिला, तर खेळणी बनवणारे कारखानदार, त्यांचे कामगार, कामगार संघटना आणि दुकानदार हे सगळे कसे विरोधात जातील, हे सल्लागार चार्ली हॅलोरन न्यायाधीशाला समजावून सांगतो. शेवटी, तुम्हाला फक्त दोनच मते मिळतील, एक तुमचे स्वतःचे आणि दुसरे त्या सरकारी वकिलाचे, असे तो बजावतो. त्यावर न्यायाधीश खिन्नपणे सांगतो की वकील तर विरोधी पक्षाचा आहे. हा प्रवेश पुन्हा लावून पाहिलात तर फ्रॉली हशा मागताना कुठेच दिसणार नाहीत. एखाद्या वॉर्डातली मतांची बेरीज मांडावी तशा कोरडेपणाने ते बोलतात आणि हास्य त्यातूनच निर्माण होते.

प्रश्न : फ्रॉली यांना ‘आय लव्ह लुसी’मधली भूमिका साठी ओलांडल्यावर मिळाली, असे वाचले. हे कसे घडले? पडद्यावरच्या पत्नीशी त्यांचे खरोखर वैर होते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट आणि इतर मोठ्या चित्रसंस्थांविरुद्ध निकाल दिला आणि त्यामुळे पुढे या संस्थांना आपल्या मालकीची चित्रपटगृहे वेगळी करावी लागली. हुकमी चित्रगृहे गेल्यावर वर्षभर नटांना पगार देणे परवडेना, त्यातच घरोघरी दूरचित्रवाणी संच येऊ लागले. १९५१ पर्यंत फ्रॉली यांची कामे कमी झाली होती. अशा वेळी त्यांनी स्वतःच ‘आय लव्ह लुसी’च्या नायिका लुसिल बॉल यांना दूरध्वनी करून या नव्या मालिकेत काम आहे का, अशी विचारणा केली.

मर्ट्झ दांपत्यासाठी गेल गॉर्डन आणि बी बेनाडेरेट यांची नावे आधी मनात होती, परंतु दोघेही दुसऱ्या कार्यक्रमांना बांधलेले होते. फ्रॉली यांच्या मद्यपानाची ख्याती असल्यामुळे वाहिनीचे लोक साशंक होते. लुसिल बॉल यांचे पती आणि सहनिर्माते देसी आर्नाझ यांनी, दारूपायी कामात खंड पडला तर काम जाईल, अशी स्पष्ट अट घातली आणि फ्रॉली यांनी ती पाळली. त्यांच्या बाजूनेही एक अट होती, असे सांगतात: न्यूयॉर्क यांकीज हा त्यांचा लाडका बेसबॉल संघ वर्ल्ड सिरीज या हंगामाच्या अंतिम लढतीत पोहोचला, तर त्यांना सुट्टी द्यायची. १९५१ ते १९५७ या सात वर्षांत यांकीज सहा वेळा तिथे पोहोचले, त्यामुळे हा करार निर्मात्यांनी नीट विचार करून केला होता असे म्हणता येत नाही!

मालिका १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सुरू झाली. प्रेक्षकांसमोर सलग प्रवेश करायचा आणि तो तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर टिपायचा, अशी तिची पद्धत होती. समोरच्या हशाचा अंदाज घेऊन पुढचे वाक्य क्षणभर रोखून धरणे हे व्होडव्हिलमध्ये मुरलेल्या नटाच्या अंगवळणी पडलेले असते. फिल्मवर टिपल्यामुळेच हे भाग उत्तम अवस्थेत टिकले, पुन्हा पुन्हा दाखवले गेले आणि आपल्यापर्यंत पोहोचले.

वैराबद्दल म्हणाल तर ते खरे होते. पडद्यावरची पत्नी रंगवणाऱ्या व्हिव्हियन व्हान्स या फ्रॉली यांच्यापेक्षा बावीस वर्षांनी लहान होत्या आणि वडिलांच्या वयाच्या माणसाची बायको व्हावे लागते, ही त्यांची तक्रार फ्रॉली यांच्या कानावर गेली. ते दुखावले आणि मग त्यांनीही शब्दांची काटकसर केली नाही. पुढे मर्ट्झ दांपत्याची स्वतंत्र मालिका काढण्याचा प्रस्ताव आला. फ्रॉली त्याला तयार होते, व्हान्स यांनी नकार दिला. पडद्यावर मात्र ही कटुता म्हाताऱ्या नवरा-बायकोच्या कुरबुरीसारखी बेमालूम खपून गेली.

१९६० पासून ते ‘माय थ्री सन्स’ या मालिकेत, आई नसलेल्या मुलांचा सांभाळ करणारे आजोबा झाले. तब्येत ढासळल्याने त्यांचा विमा उतरवणे अशक्य झाले, तेव्हा त्यांना मालिका सोडावी लागली आणि विल्यम डेमारेस्ट हे तसेच चित्रपटांतून आलेले सहायक नट त्या घरात दाखल झाले. ३ मार्च १९६६ रोजी हॉलिवूड बुलेव्हार्डवरून चालत जात असताना हृदयविकाराच्या झटक्याने फ्रॉली कोसळले. त्यांचे वय ७९ होते.

प्रश्न : त्यांना पुरस्कार मिळाले का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : नाही. फ्रेड मर्ट्झसाठी त्यांना दूरचित्रवाणीच्या एमी पुरस्काराचे सलग पाच वेळा नामांकन मिळाले, पण पुरस्कार एकदाही मिळाला नाही. व्हान्स यांना तो १९५४ च्या सोहळ्यात मिळाला. त्यावर फ्रॉली यांना काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. ऑस्करमध्ये सहायक नटांसाठी वेगळा विभाग १९३६ च्या चित्रपटांपासून सुरू झाला आणि पहिली काही वर्षे विजेत्याला पुतळ्याऐवजी फलक दिला जाई. त्या पहिल्याच वर्षी जिंकलेल्या वॉल्टर ब्रेनन यांनी पुढे आणखी दोनदा बाजी मारली, तर थेल्मा रिटर यांना सहा नामांकने मिळूनही हात हलवतच परतावे लागले.