पॅकिंग टेबलाच्या पुढचं गोदाम

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. दिव्यांगांच्या कौशल्यस्पर्धेसाठी तुझा पॅकिंगचा सराव जोरात चालला आहे, पण शेजारच्या टेबलावरच्या मुलापेक्षा तुझे खोके कमी भरतात म्हणून तू हिरमुसली आहेस. वेग वाढवायला स्कॅन झाल्यावर नग पुन्हा बघायचं सोडून देऊ का, असं विचारलंस. सोडू नकोस.

चुकीचा नग गेला की माल परत येतो, गाडीभाडं दुसऱ्यांदा बसतं, हे सगळ्यांना दिसतं. खरी गोची स्टॉकमध्ये होते. निळ्या डब्याऐवजी हिरवा गेला, तर निळा कागदापेक्षा एक जास्त उरतो आणि हिरवा एक कमी. एक चूक, पण दोन बिनांचा, म्हणजे रॅकवरच्या कप्प्यांचा, हिशेब बिघडला, आणि पुढची मोजणी होईपर्यंत कोणालाच पत्ता नसतो. मग कोणीतरी हिरव्याची ऑर्डर घेतो, पिकर, म्हणजे माल काढणारा माणूस, रॅकपाशी जातो, आणि बिन रिकामा. म्हणून गोदामात मुरलेला परीक्षक आधी अचूकता बघेल, मग घड्याळ. वेग हवाच, पण तो फेऱ्या कमी करून मिळव. पिकलिस्ट, म्हणजे काढायच्या मालाची यादी, हातात आली की लगेच धावू नकोस. रॅकच्या क्रमाने मनात रस्ता आख, जड माल आधी उचल, नाजूक शेवटी. म्हणजे खोक्यातही जड खाली आणि नाजूक वर आपोआप येतं.

टेपचं काम तुझं सुबक आहे, मी पाहिलंय. मधल्या फटीवर एक पट्टी आणि दोन्ही कडांवर एकेक, ही सवय मोडू नकोस. लेबल मात्र तू जोडावर चिकटवतेस. तिथे ते दुमडतं आणि स्कॅनर अडतो. सपाट बाजूवर लाव, बारकोडवर चकचकीत टेप येऊ देऊ नकोस. पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या फळ्यांच्या चौकटीवर, खोके रचताना कोपऱ्यावर कोपरा आणत जा. खोक्याचा भार मुख्यतः त्याचे कोपरे पेलतात. विटांसारखी सांधेमोड केली तर रचना हलत नाही, पण खालच्या खोक्यांची ताकद कमी होते. हलका माल असेल तर सांधेमोड चालेल, जड असेल तर सरळ रचून वर प्लास्टिकची फिल्म गुंडाळ. परीक्षकाने ‘असं का रचलंस’ म्हणून विचारलं, तर हे उत्तर सांकेतिक भाषेच्या दुभाष्याकडून सांगायची तयारी ठेव. नुसता हात चालतो की डोकंही, हे त्यांना तिथे कळेल.

बारकोडच्या रेघांखालचे तेरा आकडेही वाचायला शीक. भारतातल्या संस्थेकडून नोंदवलेला क्रमांक ८९० ने सुरू होतो, आणि शेवटचा आकडा आधीच्या बारांवरून गणिताने काढलेला असतो. हाताने टाइप करताना एक आकडा चुकला, तर बहुतेक वेळा त्यामुळेच पकडला जातो. स्कॅनर बंद पडला की हे ज्ञान उपयोगी पडतं, आणि स्कॅनर बंद पडतोच.

स्कॅनरचा ‘बीप’ तुला ऐकू येत नाही. बऱ्याच हँडहेल्ड यंत्रांना थरथरण्याची सोय असते, ती सुरू करून ठेवायला आधीच सांग, नाहीतर दिव्याकडे नजर ठेव. काही गोदामांत हेडफोनवरून सूचना देऊन माल काढून घेतात. ती पद्धत अंधुक दिसणाऱ्या माणसाला चांगली, तुला निरुपयोगी. रॅकवर दिवा पेटून नग आणि संख्या दाखवणारी पद्धत तुला उत्तम. कोणतं यंत्र वापरायला मिळणार, हे स्पर्धेच्या दिवशी कळून उपयोग नाही.

फोर्कलिफ्टबद्दल मी जरा कठोरपणे लिहितो. तिचा हॉर्न आणि रिव्हर्सचा आवाज तुझ्यासाठी नाहीत. काही फोर्कलिफ्ट जमिनीवर पुढे किंवा मागे निळा दिवा टाकतात. तो डाग दिसला की जागच्या जागी थांब. पिवळ्या पट्ट्यांच्या आतूनच चाल, रॅकच्या टोकाला वळण्यापूर्वी थांबून दोन्हीकडे बघ, चालकाची आणि तुझी नजरानजर झाल्याशिवाय त्याच्या वाटेत पाऊल टाकू नकोस. स्पर्धेत यंत्र नसेलही. सवय आत्ता लागली तर नोकरीत टिकेल.

आता मागण्यांविषयी. तू लिहितेस, ‘दुभाषी मागितला तर त्यांना वाटेल मी सवलत मागतेय.’ असं मनात आणू नकोस. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाजवी सोयीसुविधांची कल्पना स्पष्ट मांडली आहे. सूचना भारतीय सांकेतिक भाषेत आणि लेखी मिळणं, सुरुवात आणि शेवट शिट्टीऐवजी दिव्याने किंवा हात वर करून कळवणं, या गोष्टींनी तुझं काम सोपं होत नाही, फक्त काम काय आहे ते तुला कळतं. शेजारच्या टेबलावर सेरेब्रल पाल्सी असलेला मुलगा असेल आणि त्याला जादा वेळ मिळाला, तर कुरकुर करू नकोस. त्याची गरज तुझ्याहून वेगळी आहे.

ही स्पर्धा म्हणजे कोणीतरी दयेने भरवलेलं संमेलन आहे, असं तुझ्या काकांनी म्हटल्याचं तू लिहिलंस. त्यांना सांग, जपानमध्ये दिव्यांगांची राष्ट्रीय कौशल्यस्पर्धा १९७२ पासून भरते. १९८१ मध्ये टोकियोत अशीच पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा, म्हणजे अ‍ॅबिलिम्पिक्स, झाली आणि २००३ मध्ये ती आपल्याकडे नवी दिल्लीत आली. जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत शिवणकामासारख्या जुन्या विषयांबरोबर मालाचं पॅकिंग हाही एक प्रकार आहे. खोका नीट भरणं हे शिकून, घासून येणारं कसब आहे आणि त्याचे गुण देता येतात, हे एका देशाने मान्य केलं, याचं मला फार मोल वाटतं. आपल्याकडे अजूनही ‘तेवढं तर कोणीही करेल’ असंच म्हणतात.

पण लेकी, मला खरी काळजी पदकानंतरची आहे. कर्णबधिर मुलं गोदामात येतात, हात चलाख म्हणून पॅकिंगच्या टेबलावर बसतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. सुपरवायझर खूष असतो, म्हणून कोणी हलवत नाही. मागून आलेली, कमी काम येणारी, पण बोलू शकणारी मुलं पुढे जातात. मला हे पाहवत नाही. मुंबईत मिरॅकल कुरिअर्सने कर्णबधिर माणसांवर अख्खा कुरिअरचा व्यवसाय उभा केला, फोनवर बोलण्याऐवजी एसएमएसवर काम चालवलं. बोलल्याशिवाय माल हलत नाही हा समज खोटा आहे, हे त्यातून दिसलं.

म्हणून टेप लावता लावता खोका पुढे कुठे जातो ते शिकून घे. इनवर्डला, म्हणजे आत आलेला माल उतरवतात तिथे, तो कसा तपासतात, मालासोबतचं चलान आणि इन्व्हॉइस कसं जुळवतात, हे विचार. ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, समजून घे. साधारणपणे ५०,००० रुपयांच्या वर किमतीचा माल गाडीत चढला की ते लागतं, आणि त्याची मुदत अंतरावर असते, साध्या मालाला दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस. भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापासून नागपूरपर्यंत समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर आहे. तर किती दिवसांची मुदत? चार. असे हिशेब तोंडपाठ असतील, तर डिस्पॅचच्या, म्हणजे माल रवाना करायच्या, टेबलावर तुला बसवायला कोणाला तरी कारण मिळेल. आणि नोकरीसाठी जाशील तिथे विचार, तुमचं दिव्यांगांसाठीचं समान संधी धोरण कुठे वाचायला मिळेल? वीस किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेलाही ते सविस्तर लिहून ठेवावं लागतं, कायद्यानेच. विचारणारी मुलगी त्यांना आगाऊ वाटली तर वाटू दे.

या आठवड्यात आयोजकांना पत्र लिही. दुभाषी, लेखी सूचना, सुरुवात-शेवटाचा दिवा आणि थरथरणारा स्कॅनर, चारही गोष्टी त्यात घाल, सोबत यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, प्रत जोड. मसुदा मला आधी पाठव, मी बघून देतो. आणि रविवारी येशील तेव्हा तुझं लेबल लावलेला एक खोका घेऊन ये, स्कॅन करून बघू.

तुझे सर