टिप, तक्रार आणि बिलातले सेवाशुल्क

प्रश्न : आम्ही घरचे सहा जण एका रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलो होतो. जेवण यायला फार उशीर झाला आणि आले तेव्हा त्यातले दोन पदार्थ गार होते. वेटर सौजन्याने वागला, पण माझा संताप इतका झाला होता की एक शब्दही न बोलता मी बिल चुकते केले आणि टिप ठेवली नाही. पत्नीच्या मते त्या मुलावर हा अन्याय झाला. माझ्या मते सेवा वाईट असेल तर टिप नाही. आमच्यापैकी कोणाचे बरोबर?

उत्तर : तुमच्या पत्नीचे म्हणणे मला अधिक पटते, पण केवळ दयामायेपोटी नव्हे. टिप रोखून तुम्हाला जे सांगायचे होते ते कोणालाच कळले नाही, ही खरी अडचण आहे. वेटरला वाटले असेल की गिऱ्हाईक चिकट होते. मॅनेजरला काही घडल्याचा पत्ताही लागला नसेल. आणि ज्या शेगडीपाशी तुमची ऑर्डर रखडली, तिथल्या आचाऱ्यापर्यंत तर यातले काहीच पोहोचले नसेल.

मोठ्या टेबलाचे जेवण उशिरा का येते, हे थोडे समजून घेण्यासारखे आहे. सहा जणांचे पदार्थ वेगवेगळ्या शेगड्यांवर, वेगवेगळ्या हातांनी तयार होतात आणि सर्वांना एकदम वाढता यावे म्हणून जो पदार्थ आधी झाला तो बाकीच्यांची वाट पाहत थांबतो; बहुधा तोच गार होतो. एकाच सुमारास बरीच टेबले भरली गेली असतील, तर किचनवर एकदम ताण येतो, आणि तो दोष टेबले देणाऱ्याचा असतो. वेटरच्या हातात असते ते एवढेच : ऑर्डर नीट लिहून घेणे, तयार झालेले ताबडतोब उचलणे आणि उशीर होणार असेल तर तुम्ही विचारण्याच्या आत येऊन तसे सांगणे. यात तो चुकला असेल तर टिप जरूर कमी करावी. तुमच्या पत्रावरून तरी तो चुकला असे दिसत नाही. शिवाय पुष्कळ ठिकाणी टिपचे पैसे एकत्र जमा करून वाटले जातात आणि त्यात टेबल पुसणाऱ्याचा किंवा भांडी घासणाऱ्याचाही वाटा असतो, तेव्हा रोखलेल्या टिपची झळ नेमकी कोणाला लागली हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

गार पदार्थाची तक्रार पहिल्या दोन घासांतच करावी. अर्धे ताट संपल्यावर केलेल्या तक्रारीचे निवारण कोणालाच धड करता येत नाही, आणि बिल आल्यावर केलेली तक्रार तर पैसे कमी करून घेण्याची युक्ती वाटते. आधी वेटरला सांगावे, त्याने काही हालचाल केली नाही तर मॅनेजरला बोलवावे, आणि आपल्याला काय हवे आहे तेही स्पष्ट सांगावे : पदार्थ गरम करून हवा, बदलून हवा की बिलातून वगळायला हवा. आवाज चढवण्याची गरज नसते.

टिपमुळे सेवा सुधारते, हा समजही तपासून पाहायला हवा. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल लिन यांनी टिपच्या सवयींचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. सेवेचा दर्जा आणि टिपची रक्कम यांच्यात संबंध असतो, पण तो अगदीच क्षीण असतो, असे त्यांना आढळले. बिल किती झाले आणि आपल्याकडे रिवाज काय, यावरच माणसे मुख्यतः टिप ठरवतात. म्हणजे रोखलेली टिप हा सेवेवरचा शेरा आहे असे वेटरने मानावे, इतका तो संकेत भरवशाचा नाही.

प्रश्न : बिलात आधीच सेवाशुल्क लावलेले असताना वेगळी टिप द्यावी का?

उत्तर : नियमाने नाही. सेवाशुल्क ही मालकाने लावलेली रक्कम असते आणि ती आधी त्याच्याच गल्ल्यात जाते. तुम्ही आपखुशीने ठेवता ती टिप. सेवाशुल्क कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचते का, हे त्या त्या देशाच्या कायद्यावर आणि मालकाच्या दानतीवर अवलंबून असते. ब्रिटनमध्ये टिपच्या वाटपाविषयीचा कायदा २०२३ मध्ये झाला व १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. त्यानुसार टिप आणि सेवाशुल्क या दोन्ही रकमा करांव्यतिरिक्त कोणतीही कपात न करता कर्मचाऱ्यांना द्याव्या लागतात. फ्रान्समध्ये १९८७ पासून सेवेचा आकार पदार्थांच्या दर्शनी किमतीतच धरलेला असतो. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढून बिलात आपोआप सेवाशुल्क लावण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ च्या निकालात ती तत्त्वे उचलून धरली. मनाई असूनही ही रक्कम लावली गेली असेल तर ती काढून टाकायला सांगण्यात कोणताही कमीपणा नाही. मात्र ती काढून घेतल्यावर वेटरच्या हातावर काही ठेवावे, असे मला वाटते. मालकावरचा राग त्याच्यावर निघू नये.

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेला जाणार आहे. तिथे टिप दिली नाही तर लोक अपमान समजतात म्हणे. परतताना काही दिवस जपानमध्येही थांबणार आहे.

उत्तर : अमेरिकेत टिप ही वरकमाई नाही, ती पगाराचाच भाग आहे. तिथल्या संघराज्याच्या कायद्यानुसार टिप मिळवणाऱ्या कर्मचाऱ्याला मालकाने ताशी २.१३ डॉलर दिले तरी चालते, आणि हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. सर्वसाधारण किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे; मधली तफावत टिपने भरून निघावी अशी ही व्यवस्था आहे, आणि ती न भरल्यास उरलेली रक्कम मालकाने द्यायची असते. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन यांसारख्या काही राज्यांत मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावेच लागते, पण टिपचा रिवाज तिथेही तसाच आहे. टेबलावर बसून जेवलात तर कर धरण्यापूर्वीच्या रकमेवर पंधरा ते वीस टक्के धरून चाला. मोठ्या गटाच्या बिलात ती रक्कम कधी कधी आधीच घातलेली असते, तेव्हा बिल वाचल्याशिवाय आकडा लिहू नका.

जपानमध्ये टिप देऊ नका. गिऱ्हाईक पैसे विसरून गेले असे समजून कर्मचारी ते परत द्यायला मागे येण्याचीच शक्यता अधिक.

प्रश्न : मग टिपची पद्धत बंद करून सरळ पगारच का वाढवत नाहीत?

उत्तर : प्रयत्न झाले आहेत. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिप देण्याघेण्यावर कायद्याने बंदी घातली होती, पण ती पाळली गेली नाही आणि १९१३ मध्ये तो कायदा रद्द झाला. अलीकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. न्यूयॉर्कचे रेस्टॉरंटमालक डॅनी मेयर यांनी २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटांतून टिप हद्दपार करायला सुरुवात केली. वेटरांची मिळकत टिपमुळे वाढत जाते आणि आत राबणारे आचारी मात्र मागे राहतात, ही विषमता त्यांना खटकत होती. त्यांनी टिपऐवजी पदार्थांच्या किमती वाढवल्या. अडचण अशी आली की शेजारचे रेस्टॉरंट जुन्याच पद्धतीने चालत असल्यामुळे मेयर यांचे दरपत्रक महाग दिसू लागले, आणि चांगली टिप कमावणाऱ्या वेटरांपैकी काही जण दुसरीकडे निघून गेले. अखेर २०२० मध्ये त्यांनी टिप पुन्हा सुरू केली. एकट्यादुकट्या मालकाने ही पद्धत मोडणे का कठीण आहे, ते यावरून कळते. फ्रान्ससारखी सर्वांना एकच रीत लागू केली, तर कोणाचे दरपत्रक शेजाऱ्यापेक्षा महाग दिसण्याचा प्रश्न उरत नाही.

प्रश्न : मी स्वतः वेटर आहे. बिल देऊन झाल्यावरही काही मंडळी तासभर गप्पा मारत बसतात. बाहेर लोक ताटकळत असतात. त्यांना उठा म्हणावे का?

उत्तर : ‘उठा’ म्हणू नये. बाहेर किती मंडळी थांबली आहेत ते सांगावे आणि बसायला दुसरी जागा असेल तर ती सुचवावी. ही विनंती मॅनेजरने केली तर अधिक बरे, कारण तुमची टिप त्या टेबलावर अजून यायची असू शकते आणि त्याची यायची नसते. गर्दीच्या वेळी टेबल किती वेळ मिळेल, हे टेबल देतानाच सांगण्याची पद्धत तुमच्या मालकाने सुरू केली, तर तुमच्यावर हा प्रसंग फारसा येणारही नाही.